नुसत्या बसलेल्या बायका

मी चित्रं काढते असं सांगितलं की आमच्या महाडात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग रांगोळी पण काढत असाल?" त्यानंतर मेंदी येते, मग साडीवरचं पेंटिंग, आणि विचारणारी बाई नात्यातली असेल तर, "आमच्या पिंकीच्या रुखवताचं काहीतरी करून द्या ना." बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पुरुषांना सगळं गाव 'पेंटर' म्हणायचं. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, घरी तैलरंगात माणसं रंगवली, निवृत्तही झाले, तरी आजतागायत 'ड्रॉइंगच्या बाई'च आहे. आमचे हे औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात होते. मित्रांशी माझी ओळख करून देताना ते म्हणतात, "हिला चित्रांचा छंद आहे." ह्या छंदातून घराचा वरचा मजला चढला, हे सांगायचं ते विसरतात.

फोटोवरून तैलचित्र करून देणं हा माझा मुख्य धंदा. लोकांना वाटतं त्यात मोठी कला आहे. आहेच, पण ती ब्रशाच्या टोकाशी नाही, गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकताना चेहरा सरळ ठेवण्यात आहे. काम तसं साधं. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, त्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या करून आखायच्या, आणि एकेका चौकटीत दिसतं ते इकडून तिकडे न्यायचं. आधी पातळ रंगात सावल्या, मग अंगाचा रंग, अगदी शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की माणूस बघायला लागतो.

अडचण येते ती अंगाच्या रंगाशी. सावित्री नदीच्या खोऱ्यात उन्हात राबलेल्या बाईची कातडी रंगवायला तपकिरी, मातकट पिवळा आणि थोडा लाल पुरतो. पण गिऱ्हाईक समोर बसलं की म्हणतं, "बाई, जरा उजळ करा." माझ्या हातून आयुष्यात सर्वांत जास्त संपल्या त्या पांढऱ्या रंगाच्या ट्यूबा, आणि त्या जवळजवळ सगळ्या बायकांवर संपल्या. बाप काळा असला तरी चालतो. त्याच्या मिशा तेवढ्या दाट करा म्हणतात. आईला मात्र अटी फार. रंग उजळ हवा, नाकात नथ हवी, गळ्यात जन्मभर जे नव्हतं ते सगळं हवं, आणि चेहरा हसरा हवा. हसरा, पण दात नकोत.

एकदा दासगावचे तिघे भाऊ आले. वारलेल्या आईचं चित्र वर्षश्राद्धाला लावायचं होतं. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. आई मागच्या रांगेत, डोक्यावर पदर, आणि पुढच्या पाहुण्याचा फेटा नेमका तिच्या नाकापर्यंत आलेला.

मी म्हटलं, "ह्यात नाकाखालचं काहीच दिसत नाही. तुम्ही सांगा, आई दिसायची कशी?"

तिघे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी थोरला म्हणाला, "आई म्हणजे... आईसारखीच दिसायची."

"ओठ पातळ होते की जाड?"

"पातळ," मधला म्हणाला.

"नाय रे, जाड होते," धाकटा म्हणाला.

तीळ होता ह्यावर तिघांचं एकमत झालं, पण तो कुठल्या गालावर होता ह्यावरून आवाज चढले. शेवटी थोरल्याने निकाल दिला. "तीळ ऱ्हाऊ दे. तुम्ही नथ मोठी घाला. नथीत सगळं झाकतं."

मी घातली. रंग उजळ केला, हिरवं जरीचं लुगडं नेसवलं, ओठ ना पातळ ना जाड असे ठेवले. चित्र बघून थोरल्याने डोळे पुसले. न्यायला आले तेव्हा बरोबर त्यांची बहीण होती. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. "छान झालंय," म्हणाली, आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "पण ही कोण?"

भावांनी तिला गप्प केलं आणि चित्र रिक्षात घातलं. त्या घरात ती बाई अजून हार घालून आहे म्हणे.

शाळेत तरी निराळं काय होतं? 'माझी आई' हा विषय दिला की निम्म्या मुली आईला पाठमोरी काढायच्या. अंबाडा, पाठ, पुढे गॅसची शेगडी. मी पहिल्या वर्षी एका मुलीला विचारलं, "अगं, चेहरा कुठे आहे?" ती म्हणाली, "बाई, ती अशीच दिसते." ह्यावर काय शिकवणार? मी तिला अंबाडा नीट काढायला शिकवला.

निवृत्त झाल्यावर पोलादपूरच्या एका मंडळाचं बोलावणं आलं. महिला दिन तोंडावर आला होता आणि बाजाराच्या रस्त्यालगत त्यांच्या सभागृहाची एक लांब भिंत पांढरी पडून होती. तिच्यावर 'स्त्रीशक्ती' रंगवायची होती. मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरशेठ, हार्डवेअरचे व्यापारी, माणूस दिलदार, फक्त बोलायला लागला की थांबत नाही. बैठकीला सगळे पुरुष. स्त्रीशक्तीबद्दल त्यांना इतकी माहिती होती की मला बोलायची गरजच पडली नाही.

"आजची स्त्री दाखवायची, बाई," प्रभाकरशेठ म्हणाले. "देवीसारखी. दहा हात. एका हातात लाटणं, एका हातात लॅपटॉप."

"तान्हं बाळ हवंच," कोणीतरी म्हणालं.

"कोयता द्या, शेतकरी स्त्री सुटायला नको."

"डॉक्टरचं ते गळ्यातलं."

"झाडू पण घ्या. स्वच्छतेचा संदेश जातो."

नऊ हात झटक्यात भरले. दहाव्यात मोबाइल द्यावा की झाडाचं रोप, ह्यावर चहा येईपर्यंत वाद चालला. मी हळूच विचारलं, "एक हात रिकामा ठेवला तर?"

"तो कशाला?"

"पाठ खाजली तर तिला?"

प्रभाकरशेठ हसले नाहीत. "बाई, विषय गंभीर आहे," म्हणाले, आणि रोप मंजूर झालं.

भिंत रंगवायला मी रोज महाडहून एसटीने पोलादपूरला जायची. शिडीवर एक बाई उभी आहे हीच गावाला मोठी करमणूक. पुरुष येता-जाता सूचना करत. नाक सरळ करा, डोळे मोठे करा, पदर डोक्यावर असता तर बरं. ज्या बायकांची ही सगळी शक्ती, त्या खाली बाजारात बसलेल्या. त्यातली एक कुडपणची हिराबाई. डोंगरावरच्या त्या गावातून नाचणी आणि वालाच्या शेंगा घेऊन ती पोलादपुरात उतरायची आणि माझ्या भिंतीच्या सावलीला टोपली मांडायची. साठीच्या पुढची, काटक, तोंडाने फटकळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा मुंबईला, शेत आणि दोन म्हशी हिच्याच गळ्यात.

दहावा हात पुरा झाला त्या दुपारी ती उठून भिंतीसमोर आली. मान वर करून तिने माझ्या देवीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हात धा दिलंस गो हिला," ती म्हणाली. "मग पाय दोनच कशाला?"

मी शिडीवर हसत सुटले.

"हसतेस काय? एवढं सामान घेऊन उभी केलीस. बसायला दगूड तरी द्यायचास."

मी खाली उतरले आणि विचारलं, "हिराबाई, तुमचं चित्र काढलं तर कसं काढू? काय करताना?"

"काय करताना म्हंजे?"

"म्हणजे भात लावताना, भारा आणताना..."

"त्ये तर मी करतेच हाय. त्याचं चित्र कशाला?" तिने थोडा विचार केला. "मला बसलेली काढ. नुसती. हातात काय नको."

भिंतीचं उद्घाटन थाटात झालं. दहा हातांच्या बाईसमोर पुरुषांनी भाषणं केली आणि बायकांनी चहा दिला. मी मात्र घरी येऊन कोरे कॅनव्हास ताणायला बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अटींवर बायका रंगवल्या होत्या. आता अट एका बाईची होती आणि ती मला फारच आवडली होती. नुसत्या बसलेल्या बायका काढायच्या, एक नाही, खूप. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यासाठी कुडपणला कशाला जायला हवं? तू घरी बसलेलीच असतेस की." मी तेव्हा त्यांच्या दुधाखालचा गॅस बंद करत होते.

पावसाळा ओसरल्यावर कुडपणला गेले. हिराबाईने ओटा सारवून ठेवला होता आणि ती नवं लुगडं नेसून तयार होती. "बसा," म्हटलं. ती बसली, आणि आमची खरी पंचाईत सुरू झाली.

"हात कुठं ठेवू?"

"कुठेही ठेवा."

"कुठंही म्हंजे कुठं गो?"

मांडीवर ठेवले तर ते लुगड्याच्या चुण्या सरळ करायला लागले. गुडघ्यावर ठेवले तर गुडघा चोळायला लागले. मी पेन्सिल टोकदार करून वर बघते तर हिराबाई वालाच्या शेंगा सोलत होती. शेंगा कुठून आल्या ते मला दिसलंच नाही, तिलाही कळलं नसावं. मी सूप काढून आत ठेवलं. त्यावर गावातल्या बायका यायला लागल्या. ओट्यावर दिवसाउजेडी रिकामी बसलेली हिराबाई कोणी पाहिलीच नव्हती.

"काय गो हिरा, बरं नाय वाटत?"

"बरी हाय."

"मग बसलीस ती?"

एकजण गेली आणि आल्याचा चहा करून घेऊन आली. दुसरीने कपाळाला हात लावून ताप बघितला. हिराबाई प्रत्येकीला सांगत होती, "चित्राला बसलेय गो," आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा खाली जात होता, काहीतरी गैर करताना सापडल्यासारखा.

दुसऱ्या खेपेला ती जरा स्थिरावली. तिसऱ्या खेपेला केव्हातरी तिच्या खांद्यांतला ताठपणा गेला. हात मांडीवर उताणे पडले, बोटं अर्धी मिटलेली. जबडा सैल झाला. मी भराभर रेघा ओढत होते. ती समोर उताराकडे बघत होती.

"हितनं खालचा रस्ता दिसतो व्हय?" ती अचानक म्हणाली.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? तुमचाच ओटा ना हा?"

"ह्या ओट्यावर आधी सासरा बसायचा. मग नवरा बसायचा. मी सारवायची. सारवताना खाली बघतात गो."

मी पेन्सिल थांबवली नाही, पण मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही.

दुसरं चित्र शमीमचं. शमीम माझी विद्यार्थिनी, महाडातच राहते, नवरा कुवेतला. तो दोन वर्षांतून एकदा येतो, आणि तो नसताना शमीमने घर बांधलं, गवंड्यांशी भांडली, सासऱ्यांची आजारपणं काढली, मुलं शिकवली. त्या घराच्या हॉलमध्ये एक मोठी, मागे कलणारी, मऊ खुर्ची आहे. 'त्यांची खुर्ची.' ती आणल्या दिवसापासून प्लास्टिकमध्येच होती. नवरा आला की प्लास्टिक निघायचं, गेला की परत चढायचं.

"कुठे बसायचं तुला?" मी विचारलं.

शमीमने खुर्चीकडे बघितलं. मग कात्री आणली आणि प्लास्टिक टराटरा कापून काढलं. "बाई, चेहरा जरा खिडकीकडे ठेवा हां," ती म्हणाली. "नात्यातल्या लोकांना बोलायला नको. बाकी सगळं काढा. पाय वर घेतलेले पण काढा."

ती अशी बसली की जणू खुर्ची तिच्याच मापाची करून घेतली होती. चित्र झाल्यावर तिने नवऱ्याला फोनवर दाखवलं. मी समोरच होते. त्याने चित्र बघितलं, बायको बघितली, आणि विचारलं, "प्लास्टिक का काढलं? खराब होईल ना."

"होऊ द्या," शमीम म्हणाली आणि मुलांच्या परीक्षेचा विषय काढला. ते प्लास्टिक परत चढलं नाही. मी मधूनमधून मुद्दाम बघून येते.

अशी वर्षभरात बरीच चित्रं जमली. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक, पाळीवरून सुटल्यावर बसची वाट बघत नाही, नुसती बसलीय. एक शाळेतली शिपाईबाई, मुख्याध्यापकांच्या दारातल्या तिच्याच स्टुलावर, ज्यावर तिला बसलेली मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. प्रदर्शनासाठी मला पुण्या-मुंबईला जायचं नव्हतं. ह्या बायकांना जिथे ओळखतात तिथेच ती लागायला हवी होती. प्रभाकरशेठांनी पोलादपूरचं तेच सभागृह दिलं. मी म्हटलं ना, माणूस दिलदार आहे. मात्र फलक त्यांनी स्वतः करून घेतला. 'स्त्री-अस्मितेचा चित्रमय वेध' अशी मोठी अक्षरं, त्याखाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो, आणि अगदी तळाला माझं नाव, फलक छापणाऱ्याच्या नावाच्या किंचित वर.

दिवस शिमग्याचे होते. मुंबईची माणसं गावाला आली होती. कोणीतरी हिराबाईच्या चित्राचा फोटो आदल्या दिवशी गावच्या ग्रुपवर टाकला, आणि उद्घाटनाच्या सकाळी तिचा मुलगा संदीप माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तिशीतला, मुंबईत कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर.

"मॅडम, हे तुम्ही काय केलंत? माझ्या इमेजचा सवाल आहे."

"चित्र तर तुमच्या आईचं आहे."

"तेच सांगतोय ना! लोक फोन करून विचारतायत, आई आजारी आहे काय? शेती विकली काय? एकजण तर म्हणाला, तुझी आई बसून खाते आता. माझी आई आयुष्यात बसली नाय, मॅडम! लोकांना मी अभिमानाने सांगतो, माझी आई ह्या वयात भारा आणते."

"भारा आणायला तुम्ही येता का कधी?"

"तो विषय वेगळा आहे," संदीप म्हणाला. मग आवाज खाली आणून समजुतीने म्हणाला, "हे बघा, थोडं अ‍ॅडजस्ट करा. हातात एक कोयता द्या. नायतर सूप द्या. बस, एवढंच. पाच मिनिटांचं काम."

काम खरोखरच पाच मिनिटांचं होतं, ह्याचा मला जास्त राग आला. रंग माझ्या पिशवीत होते. जन्मभर लोकांनी सांगितलं तेव्हा मी नथी घातल्या होत्या, सूप काय कठीण? "नाही देणार," मी म्हटलं.

प्रभाकरशेठ धावत आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि नेहमीप्रमाणे तिसरीच बाजू घेतली. "बाई, पाहुणे एवढ्यात येतील. कोणाच्या भावना दुखावायला नकोत. तूर्तास हे एक चित्र झाकून ठेवू." झाकायला काही सापडेना. शेवटी त्यांनी माझ्या सत्कारासाठी आणलेली शाल पिशवीतून काढली आणि हिराबाईवर टाकली. माझा सत्कार म्हणून मला नुसता नारळ मिळाला.

पाहुणे आले. स्त्रीने मौन सोडून बोललं पाहिजे, असं त्यांनी पुष्कळ वेळ सांगितलं. मी शाल घेतलेल्या चित्राशेजारी नारळ घेऊन उभी होते. एवढ्यात दारात हिराबाई दिसली. संदीपनेच तिला मित्राच्या मोटारसायकलवरून बोलावून आणलं होतं, म्हणजे तिनेच सांगावं की मला असलं चित्र नको. ती पाहुण्यांच्या समोरून सरळ चालत आली. भाषण अडखळलं.

"माझं कुठं हाय?" तिने विचारलं.

मी शालीकडे बोट दाखवलं.

"ही कशाला घातलीस? थंडी वाजतेय काय मला?" तिने शाल ओढून काढली, नीट घडी घातली आणि प्रभाकरशेठांच्या हातात दिली. मग चित्र बघायला लागली. सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. सगळे तिच्या मागे उभे राहिले होते.

"गुडघा बराबर काढलास," ती म्हणाली. "हाच दुखतो."

"आये," संदीप पुढे आला, "सांग ना बाईंना. काय बोलायचं ठरलंय ते."

"काय सांगू?"

"हेच, की असं रिकामं नको. कोयता तरी..."

"कोयता घरी हाय. हितं कशाला?"

"आये, लोक हसतात!"

हिराबाईने पहिल्यांदा वळून लोकांकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं. मी एवढं खात्रीने सांगू शकते की त्या क्षणी हसायची हिंमत पाहुण्यांनाही झाली नसती. तिने जवळची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, आपल्या चित्रासमोर ठेवली आणि बसली. हात मांडीवर उताणे ठेवले.

"चल आता," संदीप म्हणाला. "गाडी जाईल कुडपणची."

"जाऊ दे. दुसरी येईल."

"दुसरी संध्याकाळी आहे!"

"मग संध्याकाळी जाऊ."

संदीप तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. पाहुण्यांनी भाषण आवरतं घेतलं. प्रभाकरशेठ शाल हातात घेऊन कुणाला घालावी ह्या विवंचनेत फिरत होते. थोड्या वेळाने बाजारातल्या दोन बायका आत आल्या, टोपल्या दाराशी ठेवून. त्यांनी हिराबाईकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि खुर्च्या ओढून तिच्या शेजारी बसल्या. मग आणखी एक आली. एकीने विचारलं, "किती येळ बसायचं गो?" हिराबाई म्हणाली, "बस की."

ह्यातून क्रांतीबिंती झाली असं मी म्हणणार नाही. प्रदर्शनातलं एकही चित्र कोणी घरी लावायला नेलं नाही. एका ओळखीच्या डॉक्टरांना शमीमची खुर्ची फार आवडली, "कुठल्या दुकानातली?" म्हणून विचारत होते. भिंतीवरची दहा हातांची बाई अजून तशीच उभी आहे. आमच्या ह्यांनी सगळी चित्रं पाहून "फ्रेमा छान आहेत" असं मत दिलं. हिराबाईचं चित्र संदीपने नेलं नाही आणि मी मागेही लागले नाही. माझ्याच माळ्यावर ते कापडात बांधून ठेवलं, नदीचं पाणी घरात आलंच तर वाचावं म्हणून.

एप्रिलमध्ये एका अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, दबका, मागे संगीत आणि गोंगाट.

"मॅडम, मी अश्विनी. संदीपची मिसेस. कुडपणच्या हिराबाईंची सून."

मी सावध झाले. "बोला."

"मॅडम, सासूबाईंच्या चित्रात शेजारी जागा आहे का हो?"

"कसली जागा?"

"मला बसायला." ती घाईघाईने बोलत होती. "मी मॉलमध्ये आहे, कपड्यांच्या दुकानात. आम्हाला स्टूल देत नाहीत. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. घरी गेल्यावर तर प्रश्नच नाही. ह्यांनी तो फोटो रागारागाने मला दाखवला ना, तेव्हापासून डोक्यात आहे. ह्यांना सांगू नका. ठेवते, दुकानाचा सुपरवायझर आला."

चित्रात माणूस मागाहून घालता येतो. तैलरंग वाळला की त्यावर दुसरा थर चढतो, हाच तर त्या रंगाचा मोठा गुण. मी कापड सोडलं, कॅनव्हास न्याहाळला. जागा होती.

मेमध्ये सुट्टीला ती दोघं गावाला आली, आणि मी रंगाची पेटी घेऊन कुडपणला गेले. संदीप मला बघून आत गेला आणि मोबाइल घेऊन पडला. हिराबाई ओट्यावर आपल्या जागी बसली. आता हात कुठे ठेवू असं तिने विचारलं नाही. अश्विनी तिच्या शेजारी बसली, बारीक, डोळ्यांखाली काळी झालेली पोर, पायांच्या शिरा वर आलेल्या. सासूसमोर पाय पसरावेत की नाही ह्या विचारात तिने ते आधी पोटाशी घेतले होते.

"लांब कर," हिराबाई म्हणाली. "हितं कोण गिऱ्हाईक येत नाय."

अश्विनीने पाय लांब केले. मी चेहऱ्याची बाहेरची रेघ ओढली, कपाळ घेतलं, केसांची वळणं घेतली. डोळ्यांशी आले तेव्हा ते मिटलेले होते. ओट्याच्या खांबाला टेकून ती गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं.

आतून संदीपची हाक आली. "अश्विनी, चहा ठेव गं." उत्तर आलं नाही म्हणून तो बाहेर आला. बायकोला झोपलेली बघून तो तिच्या खांद्याला हलवायला वाकला. हिराबाईने बसल्या जागेवरून हात आडवा घातला.

"तू ठेव चहा."

"मी? आये, साखर कुठं असते ते तरी मला माहीत हाय काय?"

"शोध," हिराबाई म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं, मी ब्रश पुसत होते. मग तो आत गेला. एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. अश्विनी जागी झाली नाही, आणि मी तिला झोपलेलीच रंगवली.